रात्री दाराशी कोण बसतं?

"हॉटेल छोटंच बघ. आणि रात्री दाराशी कुणीतरी जागं असायला हवं. बाकी कसंही चालेल," काकू फोनवर म्हणाल्या.

मी ट्रॅव्हल एजन्सीत हॉटेल बुकिंगचं काम करते. लोक स्टेशनपासूनचं अंतर विचारतात, नाश्ता, वायफाय विचारतात. दाराशी कोण बसतं, हे याआधी मला कुणी विचारलं नव्हतं.

काकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. मुलगी महानगरात एका खोलीच्या घरात राहते, तिच्याजवळ काही दिवस काढायचे तर हॉटेलशिवाय इलाज नाही. काका दिवसा बरे असतात. अंधार पडला की गोंधळ वाढतो. या आजारात बऱ्याच जणांचं असंच होतं. काका मध्यरात्री उठून कपडे करतात आणि कामावर निघतात. मोठ्या हॉटेलात बाहेर पडायच्या वाटा अनेक, लॉबीत सतत ये-जा. नीटनेटके कपडे घातलेला वयस्कर माणूस तिथून निघून गेला तर कुणाच्या नजरेतही येणार नाही. काकूंनी याचा पुरता विचार केला होता.

त्यांची अटही होती. हॉटेलला आजाराचं कळवायचं नाही. "एकदा कळलं की लोक ह्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. आणि ह्यांना ते समजतं गं." मी हो म्हटलं.

माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी रेटिंग साडेआठच्या वर लावतो, नकाशावर अंतर बघतो आणि चहा गार व्हायच्या आत बुकिंग उरकतो. मला ही पद्धत पटत नाही. दिवसभर बाहेर भटकून फक्त झोपायला आलेल्यांच्या मतांची ती सरासरी. शिवाय यादीत वर कोण दिसणार, हे बऱ्याच साइटवर हॉटेल किती कमिशन देतं यावरही ठरतं. आणि लोकांना सहसा माहीत नसतं की साइटवर आपण खोली घेतच नाही, खोलीचा प्रकार घेतो. 'डबल, स्टँडर्ड' एवढंच नक्की. त्यातली रस्त्याकडची मिळणार की लिफ्टला चिकटलेली, ते बहुतेक वेळा त्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरचा माणूस ठरवतो. ठरावीक खोली हवी असेल तर त्याच्याशीच बोलावं लागतं.

मला ठरावीक खोलीच हवी होती, आणि ती बाथरूमच्या दारासाठी. हॉटेलच्या खोलीत शिरलं की बहुधा लगेच बाजूला बाथरूम असतं. पाण्याचे पाइप कॉरिडॉरच्या बाजूने नेणं सोयीचं पडतं, म्हणून बांधणारे असंच बांधतात. त्यामुळे बाथरूमचं दार आणि बाहेरचं दार शेजारी शेजारी, रंग एकच, मूठही एकच. धडधाकट माणूससुद्धा झोपेत चुकून कॉरिडॉरमध्ये येतो, मागे दार आपोआप लॉक होतं आणि तो उघड्या पायांनी उभा राहतो. काकांचं काय झालं असतं? भर म्हणजे बऱ्याच हॉटेलांत किल्ली म्हणून दिलेलं कार्ड दाराजवळच्या खाचेतून निघालं की खोलीतले दिवे जातात.

मग फोन रात्री दीडनंतर केले. दिवसा मॅनेजर गोड बोलतो. रात्री फोन कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, यावरून हॉटेल कळतं. काही ठिकाणी नुसतीच रिंग वाजत राहिली. एके ठिकाणी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मॅडम, एकच दार आहे, बाराला आतून कुलूप लावतो, चावी माझ्या उशाखाली." काकूंना हे ऐकून हायसं वाटलं असतं. मी ते नाव तिथेच खोडलं. आग लागली तर त्या कुलपामागे सगळे अडकतील. काकांना थोपवणारं दार हवं आणि आगीच्या वेळी कुणालाच न थोपवणारं दार हवं, या दोन गोष्टी एका इमारतीत बसवणं हेच माझं खरं काम होतं. त्यावर उपाय आहे: मागच्या जिन्याच्या दाराला आडवा दांडा असतो, ढकलला की दार उघडतं आणि रिसेप्शनवर अलार्म वाजतो. 'फायर एक्झिट आहे का' याला सगळेच हो म्हणतात. अलार्म आहे का, आणि तो चालू ठेवता का, हे वेगळं विचारावं लागतं.

शेवटी एका छोट्या हॉटेलात नाइट ड्यूटीवरच्या मुलाने दुसऱ्या रिंगला फोन घेतला. बाथरूम कुठे, हे विचारल्यावर म्हणाला, "मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत ते खिडकीशेजारी आहे. थांबा, दाखवतो." थोड्या वेळाने व्हिडिओ आला. सरकतं काचेचं दार, बाहेरच्या दारापासून पुरतं लांब. मी न सांगता त्याने खोलीतले दिवे बंद केले, फक्त बाथरूमचा चालू ठेवला आणि पलंगावर किती उजेड येतो ते दाखवलं. मग मागच्या जिन्यापाशी जाऊन दांडा ढकलला. अलार्म कर्कश वाजला. का विचारताय, असं त्याने एकदाही विचारलं नाही.

पोचायचं ते दिवसाउजेडीच, असं मी काकूंना बजावलं. नव्या जागी पहिल्या रात्री निरोगी मेंदूही पुरता झोपत नाही. 2016 मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीपेक्षा हलकी झोपते.

पहिली रात्र निभावली. दुसऱ्या रात्री काकू गाढ झोपेत असताना काका बूट घालून खाली आले. त्या मुलाने त्यांना शेजारी बसवून घेतलं, कुठे नोकरी करता ते विचारलं आणि पहाटेपर्यंत ऐकत राहिला. मधूनच त्याने खोलीत फोन लावला होता, पण काकूंना जाग आली नाही.

सकाळी मॅनेजरचा मला फोन आला. "आधी का सांगितलं नाहीत? माझा माणूस डेस्क सोडून आत गेला असता तर?" मी म्हणाले, दुसऱ्याच्या आजाराची बातमी देण्याचा अधिकार माझा नाही. ते आजही मला तसंच वाटतं. पण त्या मुलाला त्याच्यावर काय सोपवलंय ते माहीत नव्हतं, हेही खरंच आहे.

आता काकूंना पुन्हा जायचंय. तेच हॉटेल, तीच खोली. मॅनेजर तयार आहे, फक्त काकांच्या आजाराची नोंद लेखी हवी म्हणतो. काकू म्हणतात, कागद करणार असेल तर दुसरं शोध. नाइट ड्यूटीवर अजून तोच मुलगा आहे, एवढी खात्री मी करून घेतली आहे. बुकिंग मात्र अडलेलंच आहे.