मटण हलाल की झटका: हॉटेलात सांगावं, पण बिल बघून

मुंबईतल्या मध्यम दर्जाच्या हॉटेलात 'मटण हलाल आहे का?' असं विचारलं की उत्तर बऱ्याचदा गिऱ्हाइकाकडे बघून येतं. दाढी-टोपी दिसली की 'हो, हलालच'. हातात कडं किंवा कपाळावर गंध दिसलं की 'नाही साहेब, झटका'. वेटरला खोटं बोलायचं असतं असं नाही, त्याला माहीतच नसतं. मालकाला विचारावं तर तो आचाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि आचारी म्हणतो, 'माल रोजच्याच माणसाकडून येतो.' ज्याच्यासाठी हा श्रद्धेचा प्रश्न आहे, त्याच्या ताटात शेवटी अंदाज वाढला जातो. म्हणून माझं मत सरळ आहे. हॉटेलांनी सांगावं, आणि जे सांगायचं ते सप्लायरच्या बिलावरून सांगावं.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. पाकिटावर शाकाहाराला हिरवा ठिपका आणि मांसाहाराला तपकिरी त्रिकोण लागतो. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर कॅलरी दाखवायच्या असतात, ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची माहितीही द्यायची असते. जनावर कसं कापलं याबद्दल या नियमांत काही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २८ सांगतं की धर्माला आवश्यक त्या पद्धतीने प्राणी मारणं हा त्या कायद्याखाली गुन्हा नाही. हलाल पद्धतीला विरोध करणारी एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये फेटाळली. पण पद्धत कायदेशीर आहे म्हणून ती खाणाऱ्याला सांगू नये, असं त्यातून निघत नाही. दक्षिण दिल्ली महापालिकेने जानेवारी २०२१ मध्ये ठराव करून हॉटेलांना आणि मांसविक्रेत्यांना 'हलाल' किंवा 'झटका' अशी पाटी लावायला सांगितलं होतं.

धर्मापोटी मांसाची माहिती लिहिणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्याकडच्या खानावळींच्या पाटीवर 'बोल्हाईचं मटण' ठळक लिहिलेलं असतं, कारण बोल्हाई देवीला मानणारी घरं बोकड खात नाहीत, मेंढी खातात. मुंबईत तर पावभाजीच्या गाडीवरही 'जैन' असा वेगळा रकाना असतो. हे कुठल्या कायद्याने सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला गरज होती, दुकानदाराने लिहिलं. गावच्या जत्रेत बोकड कापायला मुलाण्याला बोलवायची रीत महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या चालत आली, आणि तेच मटण पाटलापासून बलुतेदारापर्यंत सगळ्यांनी खाल्लं. तेव्हा हलाल खाणं अनेक मराठी हिंदू घरांना कधी अडचणीचं वाटलं नाही, हेही खरं. पण ज्याला अडचण वाटते त्याला विचारायचा हक्क आहे. अमृतधारी शिखाला रहत मर्यादेनुसार, म्हणजे शीख आचारसंहितेनुसार, कुठ्ठा, म्हणजे मुस्लिम धार्मिक पद्धतीने कापलेलं मांस, वर्ज्य आहे. मुसलमानाला झटका चालत नाही. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू घरांना शोहेतने (ज्यू धर्मनियमांनुसार जनावर कापणाऱ्याने) कापलेलं मांस लागतं, तेही अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात ठेवून, नीट धुऊन. त्यांना हॉटेलातलं मटण बहुधा चालतच नाही. मासळी मागवतात, तीही खवल्यांची. आणि धर्म बाजूला ठेवून 'जनावर आधी बेशुद्ध केलं होतं का' एवढंच विचारणारेही गिऱ्हाईक आता वाढलेत.

पद्धती नेमक्या काय आहेत, यावर इतकं काहीबाही बोललं जातं की थोडं सविस्तर लिहितो.

हलालमध्ये जनावर कापताना जिवंत असावं लागतं. कापणारा मुसलमान असतो, अल्लाहचं नाव घेतो आणि गळ्याच्या पुढच्या बाजूने धारदार सुरी चालवतो. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. हनफी मतानुसार (हा सुन्नी धर्मशास्त्रातला एक पंथ) या चारांपैकी निदान तीन कापल्या गेल्या पाहिजेत. मणका त्याच वेळी तोडायचा नाही, जनावरासमोर सुरीला धार लावायची नाही, आणि जीव पूर्ण जाईपर्यंत कातडं सोलायला घ्यायचं नाही. चुका होतात त्या इथेच. सुरी बोथट असली की करवतीसारखी पुढे-मागे ओढावी लागते. सुरी आखूड असली की एका बाजूची वाहिनी राहते आणि जनावराला शुद्ध हरपायला वेळ लागतो. गर्दीच्या दिवशी तर धडपड थांबायच्या आतच सोलायला घेतात. यातली शेवटची गोष्ट हलालच्या नियमातही बसत नाही.

झटक्यात एका घावात मुंडकं धडावेगळं व्हायला हवं. त्यासाठी वजनदार, चांगल्या धारेचं हत्यार आणि सराव लागतो, मान ताणून धरणारा दुसरा माणूसही लागतो. घाव अर्धवट बसला आणि दुसरा मारावा लागला तर काटेकोर मानणारे त्याला झटका म्हणत नाहीत. आणि घावानंतर धड तसंच फरशीवर पडून राहिलं तर रक्त नीट निथळत नाही. लगेच मागच्या पायांनी टांगायला हवं.

रक्ताचा मुद्दा दोन्हीकडून मोठ्या आवाजात मांडला जातो. जिवंत बोकडाच्या वजनाच्या साधारण ७ ते ८ टक्के रक्त असतं. नीट कापून टांगलं तर त्यातलं निम्म्याच्या आसपास बाहेर येतं, उरलेलं बरंचसं काळीज, फुप्फुस, प्लीहा अशा अवयवांत राहतं. ताटात मटणाला सुटणारं लालसर पाणी रक्त नसतं. तो स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा रंग पाण्यात उतरलेला असतो.

मटण मऊ लागणं-न लागणं हे सुरीपेक्षा आधीच्या दिवसावर जास्त अवलंबून असतं. जनावर दमलेलं, घाबरलेलं, ट्रकमध्ये तासन् तास उभं राहिलेलं असेल तर त्याच्या स्नायूंतली साखर संपलेली असते. मग मेल्यावर पुरेसं लॅक्टिक आम्ल तयार होत नाही. चांगल्या मांसाचा पीएच ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. अशा जनावराचा ६ च्या वरच राहतो. मांस गडद, चिकटसर, कोरडं दिसतं आणि लवकर खराब होतं. 'आमची पद्धत म्हणून आमचं मटण चांगलं' असं पाटीवर लिहिणाऱ्याने आधी आपल्या जनावरांना पाणी आणि विश्रांती मिळते का ते बघावं.

मुंबईत जास्त खाल्लं जातं ते चिकन, आणि खरा गोंधळ तिथेच आहे. गल्लीतल्या चिकन सेंटरवर कोंबडी जिवंत येते, समोर कापली जाते आणि धडपड थांबेपर्यंत पिंपात टाकली जाते. इथे कापणारा दिसतो, म्हणून विचारणं सोपं. मान कापल्यावर निदान दीड-दोन मिनिटं रक्त जाऊ द्यायला हवं. रविवारी सकाळच्या रांगेत ते पाळलं जात नाही, आणि मग पंखांची टोकं आणि मान लालभडक दिसतात. हॉटेलला येणारं चिकन मात्र बरंचसं 'ड्रेस्ड', म्हणजे आधीच कापून साफ केलेलं येतं, तंदूरसाठी ठरलेल्या वजनाचं, लॉलीपॉपसाठी नुसते पंख, बिर्याणीसाठी लेग पीस, टिक्क्यासाठी बोनलेस. एका हॉटेलच्या एका दिवसाच्या चिकनमध्ये तीन ठिकाणचा माल असू शकतो. तंदूर एका सप्लायरचा, बोनलेस फ्रोझन पाकिटातला, आणि रात्री कमी पडलं म्हणून शेजारच्या दुकानातून आणलेलं दोन किलो.

मोठ्या कारखान्यात कोंबड्या उलट्या टांगून, वीज सोडलेल्या पाण्यात डोकं बुडवून बेशुद्ध करतात आणि मग मान कापतात. विजेचा जोर कमी पडला तर पक्षी शुद्धीत राहतो, जास्त झाला तर हृदयच बंद पडतं, आणि कापण्याआधी मेलेला पक्षी हलाल राहत नाही. काही हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था बेशुद्ध करणं चालवून घेतात, काही नाही. मान हाताने कापली की यंत्राच्या पात्याने, यावरही मतभेद आहेत. म्हणून फ्रोझन पाकिटावरचा नुसता 'हलाल' शिक्का सगळ्या मुसलमान गिऱ्हाइकांना पुरत नाही. प्रमाणपत्र कुणाचं, हेही बघावं लागतं.

मांसावरच्या महापालिकेच्या शिक्क्याबद्दलही गैरसमज आहे. देवनारच्या कत्तलखान्यात पशुवैद्य कापण्याआधी जनावर तपासतात. २००१ च्या नियमांनुसार एका डॉक्टरने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. तो शिक्का जनावर निरोगी होतं एवढंच सांगतो. कापलं कसं, ते सांगत नाही.

मग हॉटेलवाल्याने काय करावं? सुरुवात खरेदीपासून. १ जानेवारी २०२२ पासून अन्नव्यवसायाच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. मटणवाल्याकडून आणि चिकनच्या सप्लायरकडून असं बिल घ्यावं, आणि वर्षातून एकदा त्यांच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून घ्याव्यात: कोणतं जनावर, कुठे कापलं, कोणत्या पद्धतीने, आधी बेशुद्ध केलं की नाही. फ्रोझन माल असेल तर प्रमाणपत्राची मुदत बघून त्याची प्रत ठेवावी. कच्च्या मालाच्या वहीत तारीख, सप्लायर, किलो आणि पद्धत असे चार रकाने पुरतात. रात्री शेजारून आणलेले दोन किलोही त्याच वहीत चढले पाहिजेत. वही बिघडते ती त्या दोन किलोंनीच.

पाटी पदार्थावार नको, मांसावार असावी. 'मटण: बोकड, हलाल. चिकन: हलाल, बेशुद्ध करून. खिमा: मिश्र माल. पोर्क: स्वतंत्र भांडी.' एवढं गल्ल्याजवळ आणि मेन्यूच्या शेवटच्या पानावर पुरे. डिलिव्हरी ॲपवर पदार्थाच्या वर्णनात तेच चार शब्द टाकावेत. आणि जिथे खात्री नाही तिथे 'माहीत नाही' असं लिहायची मुभा हवी. माझ्या मते या सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. सक्ती करून दोनच पर्याय दिले तर दहा टेबलांची खानावळ गिऱ्हाईक बघून त्यातला एक निवडेल, आणि वेटरचा अंदाज फक्त पाटीवर चढेल. खोट्या पाटीला कायदा आहेच. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

स्वयंपाकघराबद्दल पाटीने जास्त दावा करू नये. मांस हलाल असलं तरी त्याच मोरीत पोर्कचं टोप धुतलं जात असेल, ग्रेव्हीत वाइन पडत असेल, तर काटेकोर मुसलमान तिथे खाणार नाही. म्हणून 'हलाल हॉटेल' आणि 'हलाल मांस' हे दोन वेगळे दावे आहेत, आणि बार असलेल्या हॉटेलने दुसराच करावा. दोन्ही पद्धतींचा माल ठेवायचा तर कापायचे ओंडके, सत्तूर, मॅरिनेशनचे टोप आणि फ्रीजरचे कप्पे वेगळे लागतील, तळणीचं तेलही. लहान स्वयंपाकघराला हे झेपत नाही. त्यांनी एकच पद्धत धरावी आणि तीच लिहावी.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. पाटीवर मांसाची माहिती असावी, माणसाची नाही. मार्च २०२५ मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केलं, ते हिंदू चालवत असलेल्या दुकानांसाठी. झटका हवा असणाऱ्याला झटका मिळायला हवा, त्यात दुमत नाही. पण पद्धतीची माहिती आणि दुकानदाराचा धर्म एकाच शिक्क्यात बांधले की गिऱ्हाइकाचा हक्क मागे पडतो आणि विक्रेत्यांची वाटणी सुरू होते. हलालमध्ये कापणाऱ्याचा धर्म ही त्या पद्धतीचीच अट आहे, तेवढी ती पद्धतीच्या नावात येते. मालक, आचारी, वेटर, डिलिव्हरीचा मुलगा कोण आहे, याचा ताटातल्या मांसाशी काही संबंध नाही, आणि ते पाटीवर येता कामा नये.

गिऱ्हाइकानेही प्रश्न नीट विचारावा. 'हलाल आहे ना?' असं विचारलं की 'हो'च ऐकू येतं, 'झटका आहे ना?' ला पण 'हो'च. त्यापेक्षा 'मटण कुठून येतं, चिकन कुठून येतं' असं वेगवेगळं विचारावं, आणि गल्ल्यावर बिल बघायला मिळेल का ते विचारावं. बिल दाखवणाऱ्याच्या शब्दावर जेवायला हरकत नाही. दाखवत नसेल तर त्या दिवशी सुरमई मागवावी. मासळीला यातलं काही लागू होत नाही.