तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यातल्या लग्नांना आम्ही का येत नाही

पत्रिका देताना कुणीतरी विचारतंच, "यंदा तरी येणार ना? की पुन्हा भावाचं कारण?"

कारण नाही, आत्या, आजार आहे. बायपोलर, म्हणजे मन कधी खोल खाली जातं, कधी भलतंच वर चढतं. आणि उन्हाळ्याशी त्याचा संबंध मी माझ्या मनानं जोडलेला नाही. मॅनियामुळे, म्हणजे मन असं बेफाम चढल्यामुळे, रुग्णालयात दाखल होणारे वसंतात आणि उन्हाळ्यात वाढतात, हे अनेक देशांतल्या नोंदींत दिसलंय. वाढता उजेड आणि मोडणारी झोप, अशी कारणं सांगतात. आपल्या ठाण्यात डिसेंबरातला दिवस अकरा तासांचा, जूनमधला सव्वातेरा. तेवढ्याशा उजेडाला किती दोष द्यायचा? मला विचाराल तर इथे झोप मोडतो उकाडा, आणि हळदीपासून वरातीपर्यंतची जागरणं. शिवाय तो या आजारावर लिथियम नावाचं औषध घेतो. घाम खूप गेला, पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात चढून विषबाधा होऊ शकते. अशात डोकं दुखतंय म्हणून कुणी आयबुप्रोफेन पुढे करतं, आणि त्या गोळीनंही लिथियम रक्तात चढू शकतं. "एका गोळीनं काय होतंय?" म्हणू नका.

मामेबहिणीच्या लग्नाला आलो होतो आम्ही. किती खुललाय, म्हणालात सगळे. रात्रभर नाचला, सगळ्यांना पानं वाटत फिरला. मी मात्र त्याचे डोळे बघत होते. वर्तकनगरला परतल्यावरही झोप नाहीच. पहाटे तीनला शेजाऱ्यांची दारं वाजवून नव्या धंद्यासाठी पैसे मागायला लागला. मी हात धरला तर म्हणाला, "ताई, आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि तू रडतेस?"

बरा असताना त्यानं मला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे आजारपणात त्याच्या वतीनं उपचाराचं बघणारी, नेमलं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तशी सोय आहे. त्याच नात्यानं त्याला दाखल करण्याचा अर्ज मी केला. दोन तज्ज्ञांनी त्याला वेगवेगळं तपासलं. सही करताना तो समोरच होता. "मी तुझं नाव दिलं ते यासाठी?" त्याला उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, पण ऐकताना तो मान फिरवतो. आणि हे सगळं झाल्यावर आपल्याच एका पंगतीत कुणीतरी, "ठाण्यातच राहता, सोयीचं आहे," म्हणून हसलं. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं आहे. तिथे माणसं उपचाराला येतात.

पूर्वी मी ठासून सांगायचे, एप्रिल-मे सांभाळला की वर्ष निभावलं. मग एकदा ऐन थंडीत, लग्न नाही, उकाडा नाही, तरी त्याची झोप उडालीच. डॉक्टर म्हणतात, महिना बघू नका, तो किती तास झोपला ते बघा. पटतं. तरी फाल्गुन सरला की माझं लक्ष त्याच्या खोलीतल्या दिव्याकडे लागतंच, आणि ते चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही.

त्याचं म्हणणं वेगळं. "माझ्या नावावर तू किती लग्नं चुकवणार?" या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला यायचंच म्हणतो. आमचं त्यावरून रोज वाजतंय. आलोच तर जेवून नऊला निघू. थांबायचा आग्रह करू नका.