तुम्ही विचारलंत म्हणून : सह्याद्रीने मराठी माणूस घडवला का?

व्याख्यान संपतं, चहाचे कप फिरायला लागतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठतंच. "सर, मराठी माणूस काटक झाला तो सह्याद्रीमुळेच ना? ह्युएन त्सांगनेसुद्धा तेच लिहून ठेवलंय." विचारणाऱ्याला उत्तर 'हो' असंच हवं असतं. जुन्या प्रवासी विद्वानांवर मी अधूनमधून बोलतो, म्हणून हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. कप हातात धरून उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

हा चिनी भिक्षू ६४१च्या सुमारास महाराष्ट्रात आला, तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. माणसं उंच, साधी, प्रामाणिक. उपकार करणाऱ्याचे ऋण न विसरणारी आणि वैऱ्याला न सोडणारी, असं तो लिहितो. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, हेही. इथवर आलं की सभागृहात माना डोलायला लागतात.

पण त्याच उताऱ्यात जमिनीबद्दल काय आहे? सुपीक. हवा उष्ण. खडकाळ माळ नाही, नाचणीची भाकरी नाही. डोंगरकडे येतात ते पुढे, एका विहाराच्या वर्णनात (बहुधा अजिंठा), आणि तिथे लोकांच्या स्वभावाचा विषयच नाही. शिवाय त्याची लिहायची पद्धतच ठरलेली: देशाचा घेर, राजधानी, माती, पिकं, हवा आणि मग माणसं. जवळजवळ सातबाराच. रकाने शेजारी शेजारी, पण एकातून दुसरा निघतो असं तो म्हणत नाही. 'माती अशी, म्हणून माणसं अशी' यातला 'म्हणून' आपण घातलाय.

तो 'म्हणून' ठासून लिहिणारा माणूस वेगळा, अरब इतिहासकार इब्न खल्दून. जन्म १३३२चा, ट्युनिसचा. १३४८-४९च्या प्लेगमध्ये आईवडील गेले. पुढे फेज, ग्रॅनाडा, बिजाया अशा दरबारांतून कधी मानाची पदं, कधी तुरुंग. अखेर आजच्या अल्जीरियातल्या एका आडबाजूच्या गढीत जाऊन बसला आणि १३७७मध्ये पाच महिन्यांत 'मुकद्दिमा'चा, म्हणजे आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेचा, पहिला खर्डा हातावेगळा केला.

त्याचं म्हणणं असं: वाळवंटातल्या टोळीला ना तट ना पहारेकरी. रात्री ज्याचा त्यालाच जागता पहारा. त्यातून धाडस येतं आणि भाऊबंदांचा घट्ट एकोपाही, ज्याला तो 'असबिय्या' म्हणतो. अशी टोळी शहर जिंकते, गादीवर बसते, गाद्यागिरद्यांवर लोळते आणि साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे १२० वर्षांत, तिचा कारभार आटोपतो. मग वाळवंटातून पुढची टोळी येते. या टोळ्या त्याने जवळून पाहिल्या होत्या, त्यांच्यात राहिला होता, सुलतानांसाठी त्यांच्याशी बोलणीही केली होती. ही पानं आजही गार पडलेली नाहीत.

आता गंमत बघा. धान्याची सुबत्ता असली की शरीर आणि बुद्धी दोन्ही जड होतात, असंही तो सांगतो. ह्युएन त्सांगच्या सुपीक महाराष्ट्राला ही फूटपट्टी लावली तर माणसं मऊ निघायला हवीत! व्याख्यानात या दोघांना एकाच दमात साक्षीला बोलावणाऱ्यांना (मीही त्यातलाच होतो) हे दिसत नाही.

आणि जिथे इब्न खल्दून स्वतः गेला नाही, तिथे तो घसरलाच. ग्रीकांकडून आलेली सात हवापट्ट्यांची मांडणी त्याने तशीच उचलली. मधल्या पट्ट्यांतली माणसं शहाणी, टोकाच्या थंड-उष्ण पट्ट्यांतली जनावरांच्या जवळची. आपल्या गावची हवाच काय ती बेताची, असं वाटणारे विद्वान सगळीकडेच सापडतात. तरी त्याच प्रकरणात, काळा रंग हा शाप नव्हे, उन्हाचा परिणाम आहे, असंही त्याने ठणकावून सांगितलंय.

'म्हणून' लिहावं तर मध्य आशियातून आलेल्या अल बिरुनी या विद्वानासारखं. १०३०च्या सुमारास हिंदुस्थानावर लिहिताना तो नदीतले दगड दाखवतो: डोंगराजवळ, पाण्याला ओढ असते तिथे मोठाले गोटे, पुढे लहान होत जातात, मुखाशी, संथ पाण्यात, नुसती वाळू. म्हणून ही भूमी एके काळी समुद्र असावी, गाळाने भरत आली असावी. मी हरिद्वारला पाण्यातून नारळाएवढा गोटा उचलला होता आणि बनारसला पलीकडच्या काठावर मुठीतून सरकणारी वाळू. त्याने दाखवलेला क्रम हातालाच कळला.

मागच्या खेपेला हे सगळं ऐकून एक आजी म्हणाल्या, "बरं, पण तो चिनी भिक्षू आला होता नेमका कुठे?" इतक्या वर्षांत खरा प्रश्न हाच. पुलकेशीची राजधानी वातापी, म्हणजे बदामी. पण ह्युएन त्सांग सांगतो ती राजधानी एका मोठ्या नदीकाठची, नदी तिच्या पश्चिमेला. काही अभ्यासक नाशिक म्हणतात, काहींना ते पटत नाही. आजींना मी दोन्ही नावं सांगितली. "मग आधी ते ठरवा," म्हणाल्या आणि चहा संपवून निघाल्या.