पगाराच्या दिवशीचा फोन

चहा हातात आला आणि मित्राचा फोन वाजला. पलीकडे त्याच्या जुगार सोडणाऱ्यांच्या गटातले एक काका. पहिलाच प्रश्न, "पगार झाला का रे?"

झाला होता. काका म्हणाले, "मग आत्ता वहिनींना पाठव. मी थांबतो."

आणि खरंच थांबले. फोन स्पीकरवर टाकून याने पैसे बायकोच्या खात्यावर पाठवले, "गेले" म्हणाला, मगच त्यांनी ठेवला.

मी विचारलं, घरचे नाही का हे करू शकत? म्हणाला, "घरच्यांशी मी सराईत खोटं बोलतो. यांच्याशी नाही जमत. त्यांनी हे सगळं केलेलं आहे."

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, चांगलंच झालं. पण अ‍ॅप बंद झालं म्हणून ओढ थांबत नाही, आणि मटका तर कधीचाच बेकायदा आहे. 'गॅम्ब्लर्स अनॉनिमस' ही जुगार सोडू पाहणाऱ्यांची संघटना 1957 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली ती याच विश्वासावर, की जुगाऱ्याला सावरायला जुगार सोडू पाहणाराच लागतो.

दारू सोडणाऱ्यांच्या बैठका आपल्याकडे लहान गावांतही भरतात. रमीपायी जमीन गहाण टाकलेल्या तालुक्यातल्या पोरानं कुठे जायचं?