मोलिन्यूच्या दारातला बिली राइट

लंडनच्या यूस्टन स्थानकातून निघालेल्या गाडीने मला वुल्व्हरहॅम्प्टनला सोडले तेव्हा पावसाची भुरभुर सुरू होती. स्थानकापासून पंधरा-वीस मिनिटे चालत वॉटर्लू रोडवरच्या मोलिन्यू या फुटबॉल मैदानापाशी आलो आणि ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलो होतो, तो बिली राइट दारातच भेटला. 1996 साली उभारलेल्या या ब्राँझच्या पुतळ्यात तो हातात चेंडू घेऊन, संघाला मैदानात उतरवणाऱ्या कर्णधाराच्या ऐटीत पाऊल टाकतो आहे. चेंडूवर पावसाचे थेंब साचले होते. शाळेच्या संघात मी बचावफळीत खेळत असे; गोल करणाऱ्यांचे पुतळे पुष्कळ असतात, गोल अडवणाऱ्याचा पाहायला मिळाला याचे मला फार अप्रूप वाटले.

राइटचा जन्म 1924 चा, सेव्हर्न नदीवरच्या लोखंडी पुलासाठी प्रसिद्ध असलेल्या आयर्नब्रिजचा. वुल्व्ह्जचे, म्हणजे याच मैदानावर खेळणाऱ्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या क्लबचे, व्यवस्थापक मेजर फ्रँक बकली यांनी चणीने लहान म्हणून त्याला घरी पाठवायचे ठरवले होते, पण पुढे विचार बदलला. जेमतेम 5 फूट 8 इंच उंचीचा हा मुलगा पुढे इंग्लंडसाठी 105 सामने खेळला आणि त्यांतल्या 90 सामन्यांत कर्णधार होता. एवढ्या कारकिर्दीत पंचांनी ताकीद देऊन त्याचे नाव एकदाही वहीत टिपले नाही. उंच आघाडीपटूंविरुद्ध खेळताना उंचीची उणीव तो उडीच्या अचूक वेळेने भरून काढत असे.

तरीही त्याचे नाव निघाले की लोकांना आठवतो तो 25 नोव्हेंबर 1953 चा, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा सामना. हंगेरीचा कर्णधार पुश्काश याने बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला, राइट रिकाम्या जागेत झेपावला आणि गोल झाला. ‘द टाइम्स’च्या वार्ताहराने त्याला भलत्याच आगीकडे धावणाऱ्या बंबाची उपमा दिली. इंग्लंड 6–3 असा हरला. मला ही आठवण अन्यायाची वाटते, कारण राइट त्या दिवशी सेंटर हाफ, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा, नव्हताच; तो उजवा हाफ, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे खेळणारा, होता; बचावाच्या मध्यभागी तो आला 1954 च्या विश्वचषकात, आणि तिथेच त्याच्या खेळाला दुसरा बहर आला.

1954 च्याच 13 डिसेंबरला, याच मोलिन्यूवर, प्रकाशझोतात, पुश्काशचाच हंगेरीतला होनवेद हा क्लब संघ खेळायला आला. मध्यंतराला पाहुणे 2–0 ने पुढे होते, पण चिखलात राइटच्या संघाने तो सामना 3–2 असा फिरवला. 1949 चा एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची मोठी स्पर्धा) आणि 1954, 1958 व 1959 ची इंग्लिश लीगची विजेतेपदे ही सारी वुल्व्ह्जने त्याच्याच नेतृत्वाखाली मिळवली.

एप्रिल 1959 मध्ये स्कॉटलंडविरुद्ध तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. जगात तोवर हे कोणालाच साधले नव्हते. 1950 च्या विश्वचषकात बेलो होरिझोंते इथे ज्या अमेरिकेने त्याच्या संघाला 1–0 ने हरवले होते, त्याच अमेरिकेविरुद्ध, 8–1 अशा विजयाने, त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

आत गेल्यावर मी त्याच्याच नावाच्या स्टँडमध्ये बराच वेळ बसून राहिलो. 1994 साली तो गेला तेव्हा त्याच्या अस्थींची राख याच हिरवळीवर विखुरली होती. खाली एक माळी पावसातच यंत्राने गवत कापत होता, आणि मैदानाच्या कडेला आल्यावर प्रत्येक वेळी यंत्र वळवून तो पुन्हा मधोमध येत होता.