तुम्ही विचारलंत म्हणून: मानेवरची आग आणि आबांचा रेझर

दोन-तीन वर्षं झाली, लग्नाच्या पंगतीत नाहीतर ऑफिसच्या चहाला कोणीतरी माझ्या मानेकडे बघून विचारतंच, "तुमची मान लाल असायची ना, आता काय लावता?" आणि परवा जळगावला शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला, "मामा, मी पण ब्रश आणि ब्लेडचा रेझर घेतोय, पण माझी स्किन लई सेन्सिटिव्ह आहे, सुरुवात कशी करू?" त्याला फोनवर अर्धवटच सांगता आलं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांसाठी.

लावत काहीच नाही. दाढी कमी करतो. म्हणजे दिवस कमी नाही, एका दाढीत कातडीवरून पातं जितक्या वेळा फिरतं ते कमी केलं. सेन्सिटिव्ह स्किनवाल्यांनी एवढी एक गोष्ट धरली तरी अर्धं काम झालं.

आधी माझं काय व्हायचं ते सांगतो. तीन पात्यांचा कार्ट्रिज, कॅनमधला फेस, सकाळी घाईघाईत चार मिनिटांत दाढी, आणि मग भुसावळच्या मे महिन्यात पंचेचाळीसच्या उन्हात तोंडाला रुमाल बांधून गाडीवर, घाम त्या ताज्या दाढीवर उतरला की मानेला मीठ चोळल्यासारखी आग. संध्याकाळी बारीक पुटकुळ्या, त्यातल्या काहींत आत वळलेला केस. ह्याचं कारण मला फार उशिरा कळलं. दोन पात्यांचे रेझर 1971 मध्ये आले, तीन पात्यांचे 1998 मध्ये, आणि त्यांची युक्तीच अशी आहे की पहिलं पातं केसाला जरा वर ओढतं आणि मागचं पातं कापतं, मग केसाचं टोक कातडीच्या आत जातं. सरळ केस असेल तर काही बिघडत नाही, पण मानेवरचा वाकडा केस बाहेर येता येता कातडीतच घुसतो. सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, ज्याला सोसतं त्याने खुशाल वापरावं.

आमच्या आबांचा रेझर कपाटात होता, खालची मूठ फिरवली की वरची दोन झाकणं उघडतात तो. दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरचं पेटंट जिलेटला 1904 मध्ये मिळालं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे, एकच पातं, कातडीच्या वरच्या वर कापणारं. आबा दाढीला बसायच्या आधी आजीला हाक मारायचे, "पानी गरम शे का?" आणि ब्रश कपात भिजत ठेवून निवांत पेपर वाचायचे. तेव्हा वाटायचं म्हातारा माणूस वेळ घालवतोय, पण ओला केस मऊ होतो, तो कापायला जोर लागत नाही, आणि जोर नाही तर आग नाही. दोन-तीन मिनिटं गरम पाण्याचा टॉवेल नाहीतर सरळ आंघोळीनंतर दाढी, एवढं पुरतं.

आता पाणी. हे आपल्याकडच्या लोकांनी नीट वाचा कारण बाहेरच्या व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. मी सुरुवातीला चांगला साबण आणला, ब्रश आणला, आणि फेसच होईना, पांढरा पातळ चोथा व्हायचा आणि गालावर वाळून जायचा, मला वाटलं साबणच खराब. साबण बरोबर होता, पाणी बोअरचं होतं. बादलीला आणि नळाच्या तोटीला जो पांढरा थर बसतो ना, तेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरून त्याचा चोथा करतात, मग पात्याखाली घसरण राहत नाही आणि ब्लेड कातडी खरवडतं. उपाय सोपा आहे, फेसापुरतं अर्धा कप पाणी आरओचं नाहीतर जारचं घ्यायचं, तोंड धुवायला बोअरचं चालेल. उकळून निवलेलं वरचं पाणी पण थोडं बरं पडतं, काही क्षार तळाला बसतात, सगळे नाही. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, तरी अख्खी दाढी एका मगात होते, त्यामुळे पाण्याची काळजी करू नका.

फेस दह्यासारखा दाट आणि चकचकीत पाहिजे, कापसासारखा फुगलेला नको. ब्रश सिंथेटिक मऊ घ्या, डुकराच्या केसांचा सुरुवातीला टोचतो. साबण किंवा क्रीम बिनवासाचं मिळालं तर उत्तम, मेन्थॉलचं थंडगार वाटतं पण नाजूक कातडीला तेच चुरचुरतं. नवीन काही आणलं की आधी कानामागे लावून एक दिवस थांबा.

दाढी करायच्या आदल्या दिवशी, दोन दिवसांची वाढ असताना, बोटं मानेवरून चारी बाजूंनी फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी, खरखरीत लागतं ती उलटी. गालावर बहुतेकांचा केस खाली जातो पण मानेवर अजिबात भरवसा नाही, माझा डाव्या जबड्याखाली कानाकडे आडवा जातो आणि मी वीस वर्षं तिथे खालून वर रेझर ओढत होतो! कागदावर मान काढून बाण काढा, खरंच काढा.

मग रेझर मुठीच्या टोकाला हलका धरायचा, त्याचं वजनच पुरेसं आहे, कातडीशी साधारण तीस अंश, छोटे छोटे हात, केसाच्या दिशेने एकदाच. पहिला महिनाभर दुसरा हात नाही, उलटी तर नाहीच. थोडी खरखर राहील, राहू द्या. सलूनमध्ये "उलटी मारू का?" विचारलं तर मानेला नको म्हणा आणि ब्लेड नवीन लावलंय ना ते बघा.

ब्लेड मिळतील ती दोन-तीन कंपन्यांची आणून बघा, एकाला मानवलेलं दुसऱ्याला मानवत नाही. फेदर कंपनीचं ब्लेड फार धारदार असतं, सुरुवातीला नको. ओढल्यासारखं वाटलं की ब्लेड बदला, मी चार दाढ्यांना बदलतो. जुनं ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका हो, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात, मी पत्र्याच्या बंद डबीला चीर पाडून त्यात साठवतो. आणि घरात रेझर एकमेकांचा वापरायचा नाही, सख्ख्या भावाचा पण नाही.

नंतर गार पाणी. कापलं असेल तर ओली तुरटी फिरवून अर्ध्या मिनिटात धुवून टाका, तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह बंद. खोबरेल तेलाने मला उन्हाळ्यात पुटकुळ्या येतात म्हणून साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर थेंबभर. आणि एप्रिल-मेमध्ये दाढी रात्री करा, म्हणजे सकाळी रुमाल आणि घाम लागेपर्यंत कातडी शांत झालेली असते. पू होत असेल किंवा गोल खाजरे चट्टे असतील तर रेझर बाजूला ठेवून आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा, ते नुसतं दाढीचं दुखणं नसेलही.

भाच्याने काल त्याच्या मानेचा कागद पाठवला, बाण काढलेला. डाव्या जबड्याखाली त्याचाही केस कानाकडे आडवा जातो.