कर्ण्यासमोरची सात माणसं

इंडियानाच्या पूर्व टोकाला, ओहायोची हद्द लागायच्या थोडं आधी, रिचमंड नावाचं गाव आहे. आम्ही राहतो त्या इंडियानातल्याच कोलंबसहून मका आणि सोयाबीनच्या शेतांमधून गाडीने दीड-दोन तासांत तिथे पोचता येतं. कोलंबसमध्ये इंजिनांच्या कारखान्यासाठी पुण्याहून आलेली मराठी घरं बरीच आहेत. गणपती बसतो, दिवाळीत फराळाचे डबे घरोघरी फिरतात. पण रिचमंडला मुद्दाम असं कोणी जात नाही. जायला हवं, असं मला मनापासून वाटतं. न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेल्या जॅझचा सगळ्यात मोलाचा जुना ऐवज याच गावातल्या एका पियानोच्या कारखान्यात मेणावर कोरला गेला.

गावाच्या मधून व्हाइटवॉटर नदीची खोल घळ जाते. तिच्या तळाशी स्टार पियानो कंपनीचा कारखाना होता. आज तिथे एका इमारतीचा उरलेला भाग दिसतो आणि तिच्या भिंतीवर जेनेट रेकॉर्ड्स हे नाव रंगवलेलं आहे. जवळच्या पायवाटेत तबकडीच्या आकाराची मोठमोठी स्मारकं जमिनीत बसवली आहेत. किंग ऑलिव्हर, लुई आर्मस्ट्राँग, जेली रोल मॉर्टन, बिक्स बायडरबेक ही नावं वाचत चालायचं. ज्या स्टुडिओत ही मंडळी वाजवून गेली तो मात्र उरलेला नाही. रेल्वेच्या रुळांना लागून असलेली ती एक साधी लाकडी खोली होती. आगगाडी आली की काम थांबवावं लागे.

जेनेट परिवार मुळात पियानो बनवणारा. ग्रामोफोनचा धंदा वाढतोय हे पाहून त्यांनी तबकड्या काढायला सुरुवात केली, तेव्हा बलाढ्य व्हिक्टर कंपनीने त्यांच्यावर पेटंटचा खटला भरला. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तो खटला जेनेटने जिंकला आणि सगळ्याच छोट्या कंपन्यांना वाट मोकळी झाली. मोठे, नामवंत कलाकार मोठ्या कंपन्यांकडे होते. मग छोट्यांनी ज्यांना कोणी विचारत नव्हतं अशांना बोलावलं, आणि त्यात शिकागोच्या साउथ साइडला, लिंकन गार्डन्स नावाच्या नाचघरात वाजवणारी किंग ऑलिव्हरची क्रिओल जॅझ बँड होती.

जॅझची पहिली तबकडी याआधीच मुद्रित झाली होती, १९१७ च्या फेब्रुवारीत, न्यूयॉर्कमध्ये, व्हिक्टरकडे. ती न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या पाच गोऱ्या वादकांची. कोंबडा, गाय, घोडा यांचे आवाज वाद्यांतून काढून त्यांनी लोकांना वेड लावलं आणि ती तबकडी धो धो खपली. तिचं ऐतिहासिक मोल मला मान्य आहे, पण ती पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटत नाही. ऑलिव्हरच्या तबकड्या मात्र मी वर्षानुवर्षं ऐकतेय आणि दर वेळी त्यांत काहीतरी नवं सापडतं.

५ आणि ६ एप्रिल १९२३. या दोन दिवसांत सात जणांनी रिचमंडमध्ये नऊ रचना ध्वनिमुद्रित केल्या. जो ऑलिव्हर आणि बावीस-तेवीस वर्षांचाही न झालेला लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर (ट्रम्पेटसारखंच एक वाद्य), जॉनी डॉड्स क्लॅरिनेटवर, ऑनोरे डुट्रे ट्रॉम्बोनवर, लिल हार्डिन पियानोवर, बिल जॉन्सन बँजोवर आणि जॉनीचा धाकटा भाऊ बेबी डॉड्स तालवाद्यांवर. मायक्रोफोन तेव्हा वापरात आलाच नव्हता. भिंतीतून आत आलेल्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी उभं राहायचं. त्यांच्या वादनानेच पलीकडची सुई थरथरणार आणि फिरत्या मेणावर रेघ उमटणार. चुकलं तर ती मेणाची तबकडी बाजूला टाकून पुन्हा पहिल्यापासून. वेळ साधारण तीन मिनिटं, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावे.

आवाज कमी-जास्त करायचा उपाय एकच होता, माणसाला पुढेमागे उभं करणं. आर्मस्ट्राँगचा सूर इतका दमदार होता की ऑलिव्हर त्याच्यापुढे ऐकूच येईना. म्हणून त्याला सगळ्यांपासून लांब, मागे उभं केलं, असं लिल हार्डिन पुढे सांगत असे. पुढच्याच वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं. ढोलाच्या दणक्याने सुई उडेल या भीतीने बेबी डॉड्सला त्याचे ड्रम नेहमीसारखे वाजवता आले नाहीत, म्हणून ऐकू येतात ते त्याच्या लाकडी ठोकळ्यांचे टकटक आवाज.

इतक्या अडचणींतून जे उमटलं, त्याची ओढ शंभर वर्षांनंतरही का सुटत नाही?

माझं उत्तर असं आहे. या संगीतात कोणी एक जण पुढे आणि बाकीचे त्याच्या मागे, असं नाही. कॉर्नेट मुख्य धून सांगतं. क्लॅरिनेट तिच्या वरून वेलबुट्टी काढत जातं. ट्रॉम्बोन खालून मींड घेत एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतं आणि दोन ओळींमधली मोकळी जागा भरतं. तिघंही एकाच वेळी, तिथल्या तिथे सुचेल ते वाजवताहेत, आणि तरीही कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. आपण वर्षानुवर्षं ऐकलेली मैफलीतली सारंगीची साथ आठवा. गायकाची जागा सारंगीवाला त्याच क्षणी पकडतो, थोडी मागून, थोडी वेगळी करून. इथे तशी साथ एकाच वेळी सगळे सगळ्यांना देतात. सात माणसं एकमेकांचं किती कान देऊन ऐकताहेत, हे या तबकडीत ऐकू येतं. ते ऐकण्याचा आनंद शिळा होत नाही.

त्यातही ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग यांचे जोड-ब्रेक. मध्येच सगळी बँड एकदम गप्प होते आणि त्या दोन मात्रागटांच्या पोकळीत दोन्ही कॉर्नेट एकत्र, वेगवेगळ्या सुरांत, एकजीव तुकडा टाकतात. ऑलिव्हर पुढे काय वाजवणार हे आर्मस्ट्राँगला नेमकं कसं कळतं, याचं लिंकन गार्डन्समध्ये येणाऱ्या वादकांनाही नवल वाटे. गुरूच्या शेजारी बसून शिकलेल्या शिष्याला ते कळतं. न्यू ऑर्लिन्समध्ये लहानपणापासून ऑलिव्हरला ऐकत लुई वाढला होता आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये त्यानेच त्याला शिकागोला बोलावून घेतलं होतं.

त्या नऊ रचनांपैकी 'डिपरमाउथ ब्लूज' ऐकाल तेव्हा ऑलिव्हरच्या एकल वादनाकडे लक्ष द्या. बारा मात्रागटांची तीन आवर्तनं तो एकटा वाजवतो, कॉर्नेटच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं झाकण, धरून, माणूस बोलल्यासारखा आवाज काढत. फार थोडे स्वर आहेत, पण ते वाकवून, दाबून, उशिरा सोडून त्यांचा जो अर्थ तो काढतो त्याला तोड नाही. ही तीन आवर्तनं पुढच्या कॉर्नेट आणि ट्रम्पेटवादकांनी अक्षरशः बंदिशीसारखी पाठ केली. १९२५ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये खुद्द आर्मस्ट्राँगने तीच वाजवली. शेवटी शेवटी एक आरोळी येते: वाजव रे, वाजव! बेबी डॉड्सने पुढे सांगितलंय की तिथे तो स्वतःची जागा विसरला आणि ती पोकळी भरायला बिल जॉन्सन ओरडला. पुढे अनेकांनी ती रचना वाजवताना ती आरोळीही रचनेचा भाग म्हणून जपली.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना हे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकताना खरखर तेवढी ऐकू येते. पण मराठी रसिकांनी तरी तिला बिचकायचं कारण नाही, कारण आपल्या कानांना हा सराव आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किंवा केसरबाईंच्या तबकड्या आपण तीन-तीन मिनिटांत राग मांडलेला म्हणून डोक्यावर घेतल्या, आणि त्या ऐकताना खरखर कधी विरून जाते ते कळतही नाही. हल्ली संगणकाने घासूनपुसून स्वच्छ केलेल्या आवृत्त्याही मिळतात. मला त्या आवडत नाहीत. खरखरीबरोबर क्लॅरिनेटची धार आणि खोलीतली हवाही निघून जाते.

आणि तबकडीवर न आलेल्यांचं दुःखही दोन्हीकडे सारखंच आहे. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज कुठेही मुद्रित नाही. ते आपल्यापर्यंत पोचले ते केसरबाईंसारख्या शिष्यांच्या गळ्यातून. न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनचंही तसंच. जॅझचा आद्य पुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात, तो कॉर्नेटवादक १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याचा एकही सूर आज उपलब्ध नाही. ऑलिव्हरच्या तबकड्यांत त्या पिढीच्या वाजवण्याचा जवळचा माग लागतो, म्हणूनही त्या मोलाच्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे आणि आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हनचं १९२७ मधलं वादनही आहे. निवडणाऱ्यांच्या कानांना मी दाद देते.

रिचमंडबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे लिहिणं अपुरं राहील. त्या काळात इंडियानात कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या संघटनेची ताकद प्रचंड होती आणि ज्या कारखान्यात ऑलिव्हरच्या तबकड्या छापल्या गेल्या, तिथेच पैसे देऊन क्लॅनवाले आपल्या प्रचाराच्या तबकड्याही छापून घेत. याच स्टुडिओत १९२३ च्या जुलैमध्ये जेली रोल मॉर्टनने न्यू ऑर्लिन्स ऱ्हिदम किंग्ज या गोऱ्या वादकांच्या बँडबरोबर वादन केलं. काळे आणि गोरे वादक एकत्र मुद्रित झाल्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी तो एक. ज्या गावात काळ्यांविरुद्ध इतका द्वेष पसरलेला होता, तिथे येऊन ही माणसं असं आनंदाचं वाजवून गेली, हे मला त्या घळीत उभं राहिलं की फार जाणवतं.

१९२५ पासून मायक्रोफोन आला, आवाज खुलला. आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हच्या तबकड्या आल्या आणि १९२८ मधल्या 'वेस्ट एंड ब्लूज'च्या सुरुवातीला तो एकटा जे वाजवतो, त्याने जॅझची दिशाच बदलली. ते अलौकिक आहे यात वाद नाही. पण तिथून एकल वादक मोठा होत गेला आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं ते विणकाम मागे पडलं. मला विचाराल तर माझं मन १९२३ मध्ये जास्त रमतं. ऑलिव्हरचं पुढे हाल झालं. दात-हिरड्या गेल्या, वाजवणं सुटलं, आणि १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावात, बिलियर्ड्सच्या एका हॉलमध्ये झाडलोट करत तो गरिबीत वारला.

मुंबईशी या सगळ्याचा धागा आहे तो टेडी वेदरफोर्डमुळे. शिकागोचा हा पियानोवादक १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँगच्या सोबत तबकडीवर आला आणि १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने तो गेला. अशा वादकांचं वाजवणं ऐकत आणि शिकत गोव्याच्या वादकांची एक पिढी मुंबईत तयार झाली. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाणारा चिक चॉकलेट त्यातलाच. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांमधल्या ट्रम्पेटमागे ही परंपरा आहे. 'अलबेला' चित्रपटात तर चिक बँडसकट पडद्यावरच दिसतो.

ऐकायचं असेल तर पैसे लागणार नाहीत. १९२३ मधली ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर सहज मिळतात. 'डिपरमाउथ ब्लूज' आणि 'चाइम्स ब्लूज' या दोन पुरेत. दुसरीत आर्मस्ट्राँगचं मुद्रित झालेलं पहिलं एकल वादन आहे. इअरफोन लावा. पहिल्यांदा सगळं एकत्र ऐका, मग एकदा फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, एकदा ट्रॉम्बोनच्या. त्यानंतर ऑलिव्हरच्या मागे लांब उभा असलेला दुसरा कॉर्नेट शोधा. तो कोणत्या रचनेत सापडला ते खाली नक्की लिहा.